मुक्या जनावराची गरज आणि आपली ऐपत

घरातील लहान कुत्रा अंगणात धावत असता मधेच मागचा एक पाय उचलून धरतो, चार-पाच पावले तीन पायांवर उड्या मारीत जातो, आणि लगेच काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा चारही पायांवर धावू लागतो. मुलांना ती गंमत वाटते. काही महिन्यांनी हे वारंवार होऊ लागते, तेव्हा त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेतात. डॉक्टर गुडघा चाचपून सांगतात, "ह्याच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. कदाचित शस्त्रक्रिया करावी लागेल. घरी विचार करून सांगा." आणि मग घरात विचार सुरू होतो.

तो कसा होतो हे आपण सर्व जाणतो. मुलगी म्हणते, "काही झाले तरी ऑपरेशन करायचेच." वडील म्हणतात, "त्याला काही झालेले नाही. बघ कसा धावतो आहे!" आजी म्हणते, "इथे माणसांना औषधाला पैसे नाहीत, आणि कुत्र्याचे कसले ऑपरेशन?" तिघे एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत असे वरवर वाटते. नीट ऐकले तर मुलगी आपल्या मायेविषयी बोलत आहे, वडील आपल्या खिशाविषयी, आणि आजी जगातील न्याय-अन्यायाविषयी. ज्याचा गुडघा सरकतो त्याच्याविषयी अद्याप कोणी बोललेच नाही.

विषय लहान आहे, असे कोणा वाचकास वाटेल. परंतु ज्याला बोलता येत नाही, ज्याची संमती घेता येत नाही, आणि जो सर्वस्वी आपल्या हाती आहे, त्याच्या वतीने निर्णय घेताना आपण खरे बोलतो की नाही, हा प्रश्न लहान नाही. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात (१२:१०) नीतिमान मनुष्याची एक खूण सांगितली आहे, ती अशी की तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो. तेथे जे क्रियापद मूळ इब्री भाषेत आहे त्याचा साधा अर्थ 'जाणणे' असा आहे. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराचा जीव जाणतो. म्हणजे दया करण्याच्या आधी जाणून घेणे आले. ह्या लेखात त्याच क्रमाने जाऊ या.

प्रथम आजार काय आहे ते पाहू. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते, आणि गुडघ्याची वाटी त्या खाचेत वर-खाली सरकते. विहिरीवरच्या रहाटाच्या चाकाला दोर धरून ठेवणारी खोबण असते, तसेच हे आहे. खाच उथळ असली, किंवा पायाची हाडे किंचित वाकडी असल्यामुळे स्नायूंची ओढ तिरकी पडली, तर वाटी खाचेतून निसटून बाजूला जाते. लहान जातीच्या कुत्र्यांत बहुधा आतल्या बाजूला. वाटी निसटली की पाय अडकल्यासारखा होतो, म्हणून कुत्रा तो उचलून धरतो. पाय ताणला गेला की वाटी जागेवर येते आणि तो पुन्हा धावू लागतो. पुष्कळदा हा दोष दोन्ही मागच्या पायांत असतो.

पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल ह्या जातींत हा आजार विशेष आढळतो, आणि तो बहुतांशी वंशपरंपरेने येतो. येथे क्षणभर थांबले पाहिजे. पॉमेरेनियनचे पूर्वज उत्तर युरोपातील चांगले थोराड कुत्रे होते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एक लहानसा पॉमेरेनियन पसंत केला, आणि राणीचे पाहून लहान कुत्र्यांची हौस वाढली. पुढे पिढ्यानपिढ्या लहानांतून लहान निवडून आज ही जात दीड ते तीन किलो वजनावर आणून ठेवली आहे. मांडीवर मावावा म्हणून मनुष्याने ज्याला लहान केले, त्याच्या गुडघ्याच्या दुबळेपणात मनुष्याचाही हात आहे. तेव्हा "जनावराचे नशीब" असे म्हणून आपणांस मोकळे होता येत नाही. ज्याने ते जनावर विकत घेतले तोही त्या साखळीतील एक कडी आहे. निदान एवढे तर त्याने करावेच की ज्या कुत्र्याच्या वाट्या सरकतात त्याची पैदास करू नये, मग पिल्लांना कितीही किंमत येवो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शस्त्रक्रियेची गरज आहे किंवा नाही हे कसे ठरवावे? डॉक्टर ह्या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत वाटी एरवी जागेवरच असते. बोटाने ढकलली तर निसटते, सोडली की परत येते. दुसरीत ती चालता-धावता आपोआप निसटते आणि आपोआप किंवा पाय ताणला असता परत येते. तिसरीत ती बहुतेक वेळ निसटलेलीच असते, पण हाताने परत बसविता येते. चौथीत ती कायमची निसटलेली असते आणि हातानेही जागेवर येत नाही.

पहिल्या पायरीवर सहसा शस्त्रक्रिया करीत नाहीत. तिसऱ्या व चौथ्या पायरीवर ती करावी असेच डॉक्टर सामान्यतः सांगतात. पिल्लू वाढीच्या वयात असेल तर फार थांबू नये, कारण तिरक्या ओढीमुळे वाढती हाडे अधिकच वाकडी होतात. चौथ्या पायरीपर्यंत पोहोचल्यावर यशाची खात्रीही कमी होते. खरा पेच दुसऱ्या पायरीवर आहे. एकाच पायरीवरचे दोन कुत्रे सारखे नसतात. एकाचा पाय महिन्यातून दोनदा अडकतो आणि तो मजेत असतो. दुसऱ्याचा दिवसातून दहा वेळा अडकतो, आणि वाटी हाडाच्या कडेवर घासून घासून सांध्याची गादी झिजू लागते. पायरीचा आकडा दोघांचाही एकच असला तरी गरज एक नसते.

म्हणून येथे डॉक्टरांच्या हाताबरोबर घरच्या माणसांचे डोळे लागतात. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा दुखणे लपवितो. घरी मात्र पाहणाऱ्यास पुष्कळ दिसते. पूर्वी एका उडीत बाजेवर चढणारा आता खाली उभा राहून वाट पाहतो काय? जिना चढताना थबकतो काय? गुडघा सारखा चाटतो काय? मांडीला हात लावला की अंग चोरतो किंवा गुरगुरतो काय? एक मांडी दुसरीपेक्षा बारीक झाली आहे काय? ह्या गोष्टी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेपुढे लिहून ठेवाव्या. सहा आठवड्यांची अशी टिपणे डॉक्टरांपुढे ठेवली तर त्यांनाही निर्णय देणे सोपे जाते. तथापि एक अपवाद ध्यानात ठेवावा. उचललेला पाय अचानक खाली टेकेनासाच झाला, तर टिपणे लिहीत बसू नये. वाटी सरकणाऱ्या गुडघ्यातील आतला बंध तुटण्याचा संभव असतो, आणि तो प्रश्न निराळा व तातडीचा आहे.

आमच्या इंदुरातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांचा नऊ वर्षांचा पांढरा पॉमेरेनियन लंगडू लागला. डॉक्टरांनी दुसरी पायरी सांगितली. बाई एकट्या राहतात. कुत्र्याशिवाय घरात दुसरा जीव नाही. त्या कळवळून म्हणाल्या, "घराच्या छपरासाठी ठेवलेले पैसे आहेत, ते ह्याला घालते." डॉक्टर शहाणे होते. त्यांनी विचारले, "बाई, त्याला गरज आहे म्हणून, की तुम्हांला स्वस्थ बसवत नाही म्हणून?" प्रश्न कठोर वाटला, पण बाईंनी तो मनावर घेतला. दोन महिने त्यांनी दिनदर्शिकेत खुणा केल्या. चहाबरोबर दिली जाणारी बिस्किटे बंद केली, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्या, बाजेपाशी एक पाट ठेवला. सहा किलोंचा कुत्रा पाचावर आला, आणि आठवड्यातील लंगडण्याच्या खुणा एक-दोनवर आल्या. शस्त्रक्रिया झाली नाही, आणि तिची गरज नव्हती. बाईंचे प्रेम कमी पडले असे कोण म्हणेल? बिस्किटासाठी तोंडाकडे पाहणाऱ्या जिवाला रोज नाही म्हणणे हे छपराचे पैसे देण्याहून सोपे नव्हते.

ह्याच्या उलट दुसरे घर. तेथे दीड वर्षाची कुत्री, आणि वाटी बहुतेक वेळ निसटलेली. घरचे गृहस्थ कारकून. दोन मुलांची फी, आईचे औषध. ते सर्वांस सांगत, "तिला काही त्रास नाही. जनावरे सोसतात." त्यांचे मन निर्दय नव्हते. पैसे नाहीत हे म्हणण्याची लाज वाटत होती, म्हणून गरजच नाही असे ते म्हणू लागले, आणि वारंवार म्हटल्याने ते त्यांना खरे वाटू लागले. एके दिवशी त्यांच्या धाकट्या मुलाने विचारले, "बाबा, त्रास नाही तर ती जिन्याखाली का बसून राहते?" तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "बाळा, तिला ऑपरेशनची गरज आहे. आपल्याजवळ पैसे नाहीत." पहिल्यांदा त्या घरात खरे बोलले गेले, आणि खरे बोलल्यावर वाट दिसू लागली. कोणी सांगितले की सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. तेथे खर्च खाजगी दवाखान्याहून पुष्कळ कमी आला. उरलेली रक्कम दोघा मित्रांनी उसनी दिली. 'गरज नाही' ह्या शब्दांनी हे सर्व दरवाजे बंद ठेवले होते.

माझे म्हणणे थोडक्यात हेच आहे. 'त्याला काय हवे आहे?' आणि 'आपल्याला काय शक्य आहे?' हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर जनावराकडे पाहून द्यावे, दुसऱ्याचे आपल्या घराकडे पाहून. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या जागी ठेवले की असत्य सुरू होते. ज्याला ऐपत नाही त्याने 'गरज नाही' म्हणू नये; आणि ज्याला ऐपत आहे त्यानेही केवळ आपले मन शांत व्हावे म्हणून 'गरज आहे' म्हणू नये. शेवटी सुरी चालते ती मुक्या अंगावर. भूल, जखम, बांधलेला पाय ह्यांचे कारण त्याला समजावून सांगता येत नाही. तेव्हा अनावश्यक शस्त्रक्रिया हाही एक प्रकारचा अन्यायच होय.

दुसरा प्रश्न, म्हणजे ऐपतीचा, तोही केवळ पैशांचा नाही. शस्त्रक्रियेत सामान्यतः खाच खोल करतात, आणि गरजेप्रमाणे नडगीच्या हाडाचा जो उंचवटा वाटीच्या बंधाला धरून असतो तो सरकवून ओढ सरळ करतात. काम कौशल्याचे आहे. म्हणून अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे, आणि शंका असल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. पण टाके घातल्यावर घरच्यांचे काम सुरू होते. सहा ते आठ आठवडे त्याला धावू द्यायचे नाही, उडी मारू द्यायची नाही, जिना चढू द्यायचा नाही. लघवीलाही दोरी बांधून सावकाश न्यायचे. दिवसभर घर बंद ठेवून सर्वजण कामावर जात असतील, तर पैसे असूनही ऐपत नाही असे होऊ शकते. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दाखला प्रभूने दिला आहे (लूक १४:२८). तो हिशेब रुपयांप्रमाणे दिवसांचाही करावा.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो टाळण्याजोगा नाही. माणसे औषधावाचून तळमळत असता कुत्र्याच्या गुडघ्यावर खर्च करावा काय? बेथानीत तीनशे दिवसांच्या मजुरीहून अधिक किमतीचे सुगंधी तेल ओतले गेले, तेव्हाही गरिबांचे नाव पुढे केले गेले होते. योहान सांगतो की तो आक्षेप घेणाऱ्यास गरिबांची पर्वा नव्हती (योहान १२:६). ह्यावरून आक्षेपच खोटा ठरतो असे मी म्हणत नाही. आक्षेप घेणाऱ्याने स्वतःस एक प्रश्न विचारावा, एवढेच म्हणतो. कुत्र्यावर न खर्चिलेले पैसे खरोखर गरिबाच्या घरी जाणार आहेत काय? ते नव्या पडद्यांत किंवा लग्नातल्या जेवणावळीत जाणार असतील, तर गरिबाला मधे आणू नये. आणि ज्या घरी खरोखरच दोहोंपैकी एकच होऊ शकते, आईचे औषध किंवा कुत्र्याचा गुडघा, तेथे आईचे औषध प्रथम. ह्यात संकोच नको. प्रभूने शब्बाथ दिवशी बैलाला सोडून पाण्यावर नेण्याचे उदाहरण दिले (लूक १३:१५), ते अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला मोकळे करण्यासाठी. बैलाची तहान त्याने खोटी ठरविली नाही, आणि स्त्रीला बैलामागे ठेवले नाही. दोन्ही गरजा खऱ्या. क्रम मात्र स्पष्ट.

कोणी म्हणतात, कुत्रा जितक्याला घेतला त्याच्या चौपट ऑपरेशनला लागतात, हा कसला व्यवहार? पण घेतलेली किंमत ही त्याच्या दुखण्याची किंमत नव्हे. रस्त्यावरून फुकट आणलेल्या पिल्लाचाही गुडघा तितकाच दुखतो. आणि प्राण्यांविषयीची अशी काळजी ही अलीकडच्या श्रीमंतांची हौस आहे, असेही नाही. लंडनमध्ये १८२४ साली प्राण्यांना क्रूरतेपासून वाचविण्यासाठी पहिली संस्था निघाली, तिच्या स्थापनेत आर्थर ब्रूम ह्या पाळकांचा पुढाकार होता. संस्थेचे कर्ज फिटेना म्हणून १८२६ मध्ये त्यांना तुरुंगातही जावे लागले. आपल्याकडे मुंबईत परळ येथे बाई साकरबाई पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि त्याच परिसरात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज इंदूरकरांना महू, बडोदेकरांना आणंद, हैदराबादकरांना राजेंद्रनगर, आणि बेळगावकडच्यांना कर्नाटकात बीदर, अशी शिक्षणाची ठिकाणे आहेत. खर्चाच्या भीतीने निर्णय घेण्यापूर्वी तेथे एक चौकशी करावयास काय हरकत आहे?

आणि चौकशी करूनही जमले नाही तर? तर तसे स्वच्छ म्हणावे, आणि जे शक्य आहे ते मनापासून करावे. हा आजार सहसा जिवावर बेतणारा नाही, म्हणून घाबरून जाऊ नये. वजन कमी ठेवणे हे सर्वांत मोठे औषध आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पाच किलोंच्या कुत्र्याने एक किलो जास्त वाहणे म्हणजे साठ किलोंच्या मनुष्याने बारा किलोंचे ओझे दिवसरात्र पाठीवर घेऊन हिंडणे होय. फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी घालावी. बाजेवर चढू न देता खाली बिछाना द्यावा. रोज थोडे सावकाश चालवावे, म्हणजे मांडीचे स्नायू बळकट राहतात. दुखण्यावरचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे. घरातील माणसांच्या गोळ्या कधीही देऊ नयेत, आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला घातक होते. आणि लंगडा झाला म्हणून त्याला बाजाराच्या टोकाला सोडून येणे, हे तर १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते पापच होते.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना शेवटी दोन शब्द. तुमच्या वर्गातील एखादे मूल असे दुखणे घेऊन तुमच्यापुढे येईल, आणि विचारील, "आमच्या मोत्यासाठी प्रार्थना केली तर तो बरा होईल काय?" त्याला हसू नका, आणि तुम्ही देऊ शकत नाही असे वचनही देऊ नका. त्याच्याबरोबर प्रार्थना करा, आणि मग विचारा, "ह्या आठवड्यात मोत्या किती वेळा लंगडला? तू मोजलेस काय?" मोजणारे मूल पाहावयास शिकते, आणि पाहावयास शिकलेले मूल पुढे आजारी माणसाच्या उशाशीही नीट बसू शकते. पालकांनी गरिबीमुळे शस्त्रक्रिया करविली नसेल, तर त्यांना मुलासमोर कमीपणा येईल असे काही बोलू नका. मुलाला सांगा की बाबांनी खरे सांगितले, आणि आता त्याने रोज संध्याकाळी मोत्याला सावकाश फिरवून आणण्याचे काम आपल्याकडे घ्यावे.

ज्यांच्या घरी आज हा प्रश्न उभा आहे त्यांनी उद्यापासून दिनदर्शिकेत खुणा करावयास आरंभ करावा. दीड महिन्याने ती दिनदर्शिका डॉक्टरांपुढे ठेवून प्रथम एवढेच विचारावे, "ह्याला गरज आहे काय?" खर्च किती, हे त्यानंतर विचारावे.